पाच लाखांचे कार्ड की हातात रोकड?

सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळच्या मामलेदार कचेरीबाहेर किंवा मिरजेकडे जाणाऱ्या एस.टी.त सत्तरी ओलांडलेली दोन माणसे शेजारी बसली, की बेदाण्याचा भाव आणि म्हैसाळ सिंचन योजनेचे पाणी हे दोन विषय आटोपल्यावर हल्ली गाडी पाच लाखांच्या कार्डावर येते. आणि त्या बोलण्यात आयुष्मान वय वंदना कार्ड, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे तीन हजार रुपये यांची अशी काही सरमिसळ होते, की अखेरीस "त्यापेक्षा सरकारने रक्कमच हातात द्यावी, आमचे आम्ही बघू" या निर्णयावर दोघांचेही एकमत होते. हा निर्णय हसण्यावारी नेण्याजोगा मुळीच नाही, कारण अमेरिकेच्या कायदेमंडळात तो रीतसर मांडला गेलेला आहे. मात्र तो ज्या समजुतींच्या पायावर उभा आहे, त्या एकेक करून तपासून पाहणे अगत्याचे आहे.

सर्वांत दृढ समजूत अशी, की कार्ड निघाले म्हणजे पाच लाख रुपये आपल्या नावे कोठेतरी जमा झाले. वस्तुस्थिती अशी, की पाच लाख ही केवळ वार्षिक कमाल मर्यादा आहे. रुग्ण अंगीकृत रुग्णालयात दाखल झाला आणि त्याच्या उपचारास मंजुरी मिळाली, की ठरलेल्या दराने रक्कम परस्पर रुग्णालयास पोचते, रुग्णाच्या हाती एक पैही येत नाही, आणि जो वर्षभर आजारी पडला नाही त्याची शिल्लक पुढील वर्षी ओढली जात नाही. राज्याची योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, सांगली जिल्हा तिच्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये आला, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, आणि दीड लाखाची मूळ मर्यादा पाच लाखांवर नेऊन शुभ्र शिधापत्रिकाधारकांसही तिच्यात सामावून घेण्याची अंमलबजावणी जुलै २०२४ पासून झाली. वय वंदना कार्ड हे केंद्राचे. ते २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाले.

दुसरी समजूत पेन्शनीत निघालेल्या शिक्षकांत आणि बऱ्यापैकी बागाईतदारांत विशेष आढळते: "हे गरिबांसाठी, आपल्याला कसले मिळते!" सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकास, मग त्याचे उत्पन्न काहीही असो, वय वंदना कार्ड मिळते, दाखला लागतो तो आधारचा, आणि वयही आधारवरचेच ग्राह्य धरले जाते. जन्माची नोंदच नसल्यामुळे अंदाजाने वर्ष लिहविलेल्या आपल्याकडील पिढीस ही अट कधी फळते, कधी भोवते. खाजगी विमा असला तरी हरकत नाही. मात्र केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे किंवा माजी सैनिकांच्या योजनेचे लाभार्थी असतील, त्यांनी दोहोंतून एकीची निवड करावयाची असते. नवरा-बायको दोघेही सत्तरीच्या पुढे असतील, तर त्यांना प्रत्येकी पाच लाख नसून दोघांत मिळून पाच लाख असतात. परंतु ज्या कुटुंबास केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण पूर्वीपासूनच होते, तेथील वृद्धांसाठी हे पाच लाख वेगळे, आणि त्यांत सुना-नातवंडांचा वाटा नाही. जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदतही नाही, आणि साठी-सत्तरीनंतर खाजगी विमा घेऊ पाहणाराच या एका तरतुदीचे मोल जाणतो.

मग कार्ड हाती असूनही माणूस कुरकुरतो का? कारण त्याचे नित्याचे दुखणे कार्डाच्या कक्षेत बसत नाही. रक्तदाबाची गोळी, साखरेची तपासणी, डॉक्टरांची फी हा बाह्यरुग्ण खर्च योजनेत नाही. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी पाठविल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच त्यास अपवाद. या नित्याच्या खर्चासाठी वेगळा सरकारी निर्णय आहे: राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपरचेही पैसे नाहीत. परंतु सांगलीचे सिव्हिल आणि मिरजेचे सरकारी रुग्णालय हे वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील असल्यामुळे तो निर्णय त्यांना लागू नव्हता. सरकारी म्हणजे सारे एकच, असे मानून तेथे गेलेला मनुष्य खिडकीशी वाद घालीत बसतो, आणि दोष मात्र विनाकारण कार्डास लागतो.

आता रोख रकमेचा, किंवा विमा विकत घेण्यासाठी सरकारने द्यावयाच्या ठराविक रकमेचा, म्हणजे व्हाउचरचा, मूळ प्रश्न. २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत शिबिर भरवून काठी, चष्मा, श्रवणयंत्र प्रत्यक्ष वस्तुरूपाने देत. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेने पासष्ट वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या वृद्धाच्या खात्यात तीन हजार रुपये एकरकमी जमा करण्याचा मार्ग पत्करला. माझ्या मते चष्म्याच्या बाबतीत हा बदल शहाणपणाचा आहे. त्याची किंमत आगाऊ कळते, नंबर ज्याचा त्याला ठाऊक असतो, आणि शिबिरात मिळालेला नको असलेला कमरपट्टा माळ्यावर पडून राहण्यापेक्षा पैसे बरे. हृदयविकाराचे तसे नाही. तो कोणास, कधी आणि किती खर्चाचा येईल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि म्हणूनच त्याची जोखीम सर्वांनी मिळून वाहावयाची असते. ठराविक रकमेचे व्हाउचर देऊन सरकार आपला खर्च निश्चित करून घेते, आणि अनिश्चित भाग म्हाताऱ्याच्या गाठी बांधते.

हे केवळ तर्कट नव्हे. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी मेडिकेअर हा सार्वजनिक विमा १९६५ साली आला. २०११ मध्ये रिपब्लिकन लोकप्रतिनिधी पॉल रायन यांनी अशी योजना मांडली, की २०२२ पासून नव्याने पासष्टीत येणाऱ्यांना मेडिकेअरऐवजी खाजगी विमा विकत घेण्यासाठी सरकारी रक्कम द्यावी. तेथील संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाने हिशेब मांडला तेव्हा असे दिसले, की २०३० साली पासष्ट वर्षांच्या सर्वसाधारण व्यक्तीस आपल्या आरोग्यखर्चाचा ६८ टक्के वाटा स्वतः उचलावा लागेल. प्रचलित कायद्यानुसार तो २५ टक्के राहिला असता. प्रतिनिधीगृहाने प्रस्ताव संमत केला, सिनेटने फेटाळला. तेव्हा "अमेरिकेत तर व्हाउचरच चालते" असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, ते खरे नाही. तेथे कित्येक वृद्ध मेडिकेअरच्याच पैशाने चालणाऱ्या खाजगी योजनांत असतात हे खरे, पण मूळ सार्वजनिक विम्याचा हक्क शाबूत आहे.

"रोकड मिळाली तर आम्ही चांगली पॉलिसी घेऊ" असे म्हणणाऱ्याने हप्त्याचे गणित करून पाहावे. एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी पासष्टीनंतरच्यांसह सर्व वयोगटांसाठी पॉलिसी ठेवावयाची आहे, आणि जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा तर कंपनीस नियामकाशी आधी विचारविनिमय करावा लागतो. हे दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. तथापि, आज तीस हजारांचा असलेला हप्ता दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढला, तर दहा वर्षांत तो सत्त्याहत्तर हजारांच्या वर जातो. तेवढ्याच वेगाने वाढणारे व्हाउचर कोणते सरकार देईल?

कार्डाचे दोष याने नाहीसे होत नाहीत. मोठ्या उपचारासाठी कवठ्याच्या माणसास मिरज-सांगली गाठावी लागते, कारण मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे इस्पितळ काढल्यापासून वैद्यकीचा सारा पसारा मिरजेभोवतीच वाढला. खिशात व्हाउचर असले म्हणून घाटनांद्र्यासारख्या खेड्यात हृदयरोगतज्ज्ञ येऊन बसणार नाही. तेव्हा हाती आहे ते कार्डच नीट वापरावे. दाखल होताना अनामत रक्कम मागितली, तर भरण्यापूर्वी योजनेच्या टेबलाशी बसलेल्या आरोग्यमित्रास गाठावे, आपला उपचार यादीत आहे की नाही हे विचारून घ्यावे, आणि तेथे दाद न लागल्यास १४५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.