विश्लेषण : मुलींच्या बांबूउडीला शंभर वर्षे उशीर का झाला?

सिडनी ऑलिम्पिक, २५ सप्टेंबर २०००. कॅथी फ्रीमनने ४०० मीटरचे सुवर्ण जिंकले, ती हीच रात्र. त्याच मैदानावर अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिलाने ४.६० मीटर उंची पार केली आणि महिलांच्या पोल व्हॉल्टमधली, म्हणजे बांबूउडीतली, पहिली ऑलिम्पिक विजेती ठरली. पुरुषांसाठी हा प्रकार १८९६ पासून आहे. मधली १०४ वर्षे मुली काय करत होत्या? याचे उत्तर शोधायचे तर अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मैदानावर जावे लागते.

कायदा असूनही अडले कुठे?

सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद चालणार नाही, असे सांगणारा ‘टायटल नाइन’ कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये आला. मुलींच्या शालेय खेळांचे चित्र त्याने पालटले. पण एकूण संधी समान असावी, असे हा कायदा सांगतो. मुलांना असलेला प्रत्येक प्रकार मुलींनाही असलाच पाहिजे, असे त्यात नाही. राज्य स्पर्धेत कोणते प्रकार ठेवायचे, हे त्या-त्या राज्याची शालेय क्रीडा संघटना ठरवते. त्यामुळे ही लढाई राज्यागणिक वेगवेगळी झाली. कॅलिफोर्नियाने नव्वदच्या दशकात मुलींचा पोल व्हॉल्ट सुरू केला, तर काही राज्यांना सिडनीनंतरच जाग आली. तोवर काही मुली चक्क मुलांच्या स्पर्धेत उतरून उडी मारत होत्या.

‘खांद्यात ताकद नाही’ हे कितपत खरे?

मुलींचे खांदे आणि दंड या उडीला पुरे पडत नाहीत, हा जुना आक्षेप. ताकद लागते, यात वाद नाही. पण उडीचे मूळ भांडवल धावण्याचा वेग आहे. धावण्याची ऊर्जा पोल वाकवते आणि सरळ होताना पोल तीच ऊर्जा उंचीच्या रूपाने परत देतो. अकरावीचे गणित मांडले, तर समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी वजन कटून जाते. सेकंदाला ८ मीटर वेग असेल, तर शरीराचा गुरुत्वमध्य साधारण सव्वातीन मीटर वर जाऊ शकतो. धावताना तो जमिनीपासून मीटरभर उंच असतोच. म्हणजे झाले सव्वाचार मीटर! शाळकरी मुलीसाठी हा वेग भारीच, पण गणित मुलगा-मुलगी पाहत नाही.

दुसरा आक्षेप धोक्याचा. धोका खराच आहे. २००२ मध्ये अमेरिकेत शाळा-कॉलेजचे तीन खेळाडू पोल व्हॉल्टमध्ये दगावले. तिघेही मुलगे होते. त्यानंतर खेळ बंद झाला नाही, पडण्याच्या गाद्या मोठ्या झाल्या.

मग खरी अडचण कोणती?

पोलची. प्रत्येक पोलवर वजनमर्यादा छापलेली असते आणि शालेय नियमानुसार खेळाडूचे वजन त्याहून जास्त चालत नाही. जास्त क्षमतेचा पोल घेता येतो, पण ७५ किलोच्या मुलासाठी घेतलेला पोल ५० किलोच्या मुलीकडून धड वाकतही नाही. शिवाय प्रगती होईल तसा अधिक लांब, अधिक ताठ पोल लागतो. एका पोलवर भागत नाही आणि ते स्वस्तही नसतात. राज्य स्पर्धेत प्रकारच नसेल, तर शाळा मुलींसाठी पोल का घेईल? पोल नाहीत म्हणून मुली नाहीत, आणि मुली नाहीत म्हणून स्पर्धा नाही. या चक्रात ‘मुलींना आवडच नाही’ म्हणणे सगळ्यांनाच सोयीचे होते.

परवानगीने काय बदलले?

ड्रॅगिला शाळेत हर्डल्स धावत असे. पोल तिच्या हाती आला तो आयडाहो स्टेट विद्यापीठात, तोही हेप्टॅथलॉनच्या प्रशिक्षकाने करून पाहा म्हटले म्हणून. कॉलेजांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महिलांचा पोल व्हॉल्ट १९९८ मध्ये आला, जागतिक स्पर्धेत १९९९ मध्ये. २०१२ ची ऑलिम्पिक विजेती जेन सूरही मूळची बास्केटबॉलपटू. तिने पोल धरला तेव्हा तिची विशी उलटली होती.

टोकियोत ४.९० मीटर उडी मारून सुवर्ण जिंकणारी केटी नॅजॉट मात्र ओहायोतल्या शाळेपासूनच पोल व्हॉल्ट करत आली. ती हायस्कूलला पोहोचली तेव्हा मुलींचा गट आधीपासून होता.