वांग्याच्या मुळावर टोमॅटो

एका फांदीला जांभळी वांगी आणि दुसरीला लालबुंद टोमॅटो. तेही एकाच झाडावर! थाप वाटली ना? पण असं झाड खरंच आहे आणि ते वाराणसीत वाढवलंय. हो, आजी-आजोबा जिथून गंगा तांब्यात भरून आणतात, तीच काशी.

शहराबाहेर शहंशाहपूरला भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. भाज्यांच्या नव्या जाती तयार करणं हे तिथल्या शास्त्रज्ञांचं रोजचं काम. जातींची नावंही गावावरूनच ठेवलेली: काशी नंदिनी वाटाणा, काशी कांचन चवळी, काशी गंगा दुधी. काशी लालिमा नावाची एक चक्क लाल भेंडी आहे. तिच्यासाठी तब्बल 23 वर्षं खपावं लागलं! (शिजवली की तिचा लाल रंग उतरतो, त्यामुळे मजा बघायची असेल तर ती कढईत पडण्याआधीच बघा.)

आपलं वांगी-टोमॅटोचं झाड म्हणजे ब्रिमॅटो. ते बी पेरून येत नाही, कलम करून येतं. आधी एका दणकट वांग्याचं रोप घ्यायचं. याची फक्त मुळं आणि बुंधा हवा असतो, कारण साचलेल्या पाण्यात टोमॅटोची मुळं लवकर मान टाकतात, वांग्याची तग धरतात. मग त्यावर चांगली फळं देणाऱ्या वांग्याचा एक शेंडा आणि टोमॅटोचा एक शेंडा बसवायचा. म्हणजे एका झाडात तीन झाडं!

वांग्याची रोपं असतात जेमतेम 25-30 दिवसांची, टोमॅटोची त्याहून थोडी लहान, देठ काडीएवढा. त्यावर तिरका काप घ्यायचा, 5 ते 7 मिलिमीटरचा, आणि काप कापाला चिकटवून चिमटा लावायचा. देठाच्या आत पाणी वर नेणाऱ्या आणि पानांत तयार झालेलं अन्न खाली आणणाऱ्या बारीक नळ्या असतात. प्लंबरकाका पाइपाला पाइप जोडतात ना, तशा या नळ्या एकमेकींना जोडल्या जायला हव्यात. तोवर रोप आठवडाभर दमट, उबदार जागी ठेवतात, नाहीतर शेंडा सुकून जातो. जखमेजवळच्या पेशी वाढतात, फट बुजते आणि पाणी वर चढायला लागतं. वांगं आणि टोमॅटो एकाच कुळातले, म्हणून हे जमतं. आंब्यावर टोमॅटो बसवायला जाल तर काही जमायचं नाही.

शेतातल्या चाचणीत अशा एका झाडाला दोन किलोंहून जास्त टोमॅटो आणि अडीच किलोंच्या आसपास वांगी लागली. जागा कमी असेल तिथे हे फारच सोयीचं. गच्चीवर, चाळीच्या गॅलरीत, नाहीतर एखाद्या बालगृहाच्या अंगणात.

बालगृहात भाजीची बाग करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, लावायचं काय? मोठ्यांना टोमॅटो सुचतात. माझं म्हणणं वेगळं आहे. पहिल्याच वर्षी ब्रिमॅटोच्या मागे लागू नका. आधी मेथी टाका. वाराणसीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात माती भुसभुशीत करून, शेणखत घालून वाफा केला, की चार-पाच दिवसांत मेथी वर येते आणि महिन्याभरात पानात पडते. बी टाकल्यावर रोज सकाळी वाफ्याशी जाऊन बसणाऱ्या पोरांना एवढाच धीर असतो! नंतर वाटाणा लावा. वाटाण्याचं एखादं रोप अलगद उपटून, मुळं धुऊन बघा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा, आत गुलाबी रंग दिसेल. तिथे जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात आणि झाडाकडून साखर घेतात. गुलाबी रंग म्हणजे त्यांचं काम चालू आहे.

स्वयंपाकघरात तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी रोज मोरीत जातं. ते वाफ्यात सोडा.

हात बसला, की पुढच्या हंगामात कलम करून बघा. दहा रोपांतली दोन-चार मेली तर हिरमुसू नका. बुंध्यातून नवे धुमारे फुटतील, ते दिसले की लगेच खुडा, नाहीतर खालचं वांगंच सगळं पाणी पळवेल. आणि एक लक्षात ठेवा, ब्लेड मात्र ताई-दादांच्याच हातात असू द्या.