दहा गिअरची जुनी सायकल

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझी भाची पुण्याहून इलिनॉयमध्ये शिकायला आली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "मामा, मला एक सायकल बघून दे. जुनी चालेल. गिअर किती ते तू ठरव, पण रात्री लॅबमधून परत येताना ब्रेक लागला पाहिजे." तिचं बजेट दीडशे डॉलरचं. एवढ्या पैशांत नवी सायकल म्हणजे सुपरमार्केटातली, दोन हिवाळ्यांत खिळखिळी होणारी. जुनी घ्यायची तर अमेरिकेत एका जातीची सायकल अजूनही मुबलक सापडते: १९७० ते १९८५ या काळातली, वाकड्या हँडलची, दहा गिअरची. गॅरेज सेलमध्ये, धर्मादाय दुकानांत, घर रिकामं करणाऱ्यांच्या अंगणात ती भिंतीला टेकून उभी असते. मी अशा सायकली पंधरा वर्षं दुरुस्त करतो आहे, आणि त्याहून जास्त वर्षं त्यांच्याबद्दल वाचतो आहे. तरी भाचीसाठी निवडायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की आवडती सायकल आणि योग्य सायकल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दहा गिअर म्हणजे पुढे दोन दातेरी चकत्या आणि मागे पाच. पाच दुणे दहा, एवढंच. त्यातले दोन-तीन गिअर एकमेकांची नक्कल असतात आणि साखळी फार तिरकी होते म्हणून आणखी दोन वापरायचे नसतात. म्हणजे हाती उरतात पाच-सहा. पण १९७२ च्या अमेरिकेत 'टेन-स्पीड' हा शब्द आपल्याकडच्या एकेकाळच्या 'रॅले'सारखा होता. नुसतं नाव घेतलं तरी घराची ऐपत कळे.

त्याआधी अमेरिकेत सायकल हे लहान मुलांचं वाहन होतं. सोळाव्या वर्षी गाडीचा परवाना मिळाला की सायकल गॅरेजमध्ये. मग हवा बदलली. १९५५ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. पॉल डडली व्हाइट पुढे सायकलीचे मोठे प्रचारक झाले. १९७० मध्ये पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. युद्धानंतर जन्मलेली पिढी विशीत आली होती. १९७० मध्ये देशात सुमारे ६९ लाख सायकली विकल्या गेल्या होत्या. १९७३ मध्ये तो आकडा १ कोटी ५२ लाखांवर गेला. ही लाट तेलटंचाईमुळे आली असं अनेकदा लिहिलं जातं, पण अरब देशांची तेलबंदी १९७३ च्या ऑक्टोबरातली आणि लाट त्याआधी दोन वर्षं उसळलेली. १९७५ मध्ये विक्री ७३ लाखांवर कोसळली. ज्या सायकली मी आज उचलून पाहतो, त्यांतल्या बऱ्याच या चार-पाच वर्षांच्या धुमश्चक्रीत घाईघाईने जुळवलेल्या आहेत. मागणी एवढी, की युरोपातल्या कारखान्यांना पुरवठा झेपेना. जपानने नेमकी तिथेच मुसंडी मारली.

भाचीसाठी मी दोन शनिवार फिरलो आणि तीन सायकलींवर येऊन थांबलो. तिन्ही आपापल्या देशाच्या प्रतिनिधी म्हणाव्यात अशा.

पहिली श्विन व्हर्सिटी. ही शिकागोचीच, म्हणजे आमच्या घरची. १९६० पासून १९८६ पर्यंत हे मॉडेल निघत होतं. तिचं वजन सतरा-अठरा किलो. हातात उचलली की माणूस आधी हसतो आणि मग खाली ठेवतो. सांगाडा साध्या जाड पोलादाचा. नळ्यांची टोकं विजेने तापवून, एकमेकांवर दाबून जोडलेली. ते सांधे इतके गुळगुळीत घासलेले असतात, की सांगाडा मातीच्या भांड्यासारखा एकसंध वाटतो. पुढचा चिमटा पोकळ नाही, भरीव पट्ट्यांचा. दोन्ही क्रँक आणि मधला एक्सल मिळून पोलादाचा एकच वाकवलेला तुकडा. सायकलशौकिनांत व्हर्सिटीची यथेच्छ टिंगल होते आणि त्या टिंगलीत मीही कधीकाळी सूर मिळवला आहे. आता तसं वाटत नाही. पन्नास वर्षं ओल्या तळघरात पडलेली व्हर्सिटी तेल-ग्रीस घालून तासाभरात रस्त्यावर आणता येते. पडली तर रस्त्याला पोचा येईल, तिला नाही. सपाट गावात, दोन मैलांच्या अंतरासाठी, कुलूप तोडून न्यावीशी कोणाला वाटणार नाही अशी सायकल हवी असेल तर ती वाईट नाही. पण भाची तिसऱ्या मजल्यावर राहते आणि इमारतीला लिफ्ट नाही.

दुसरी पूजो यूओ-८. मोटारी करणाऱ्या पूजो घराण्याचीच ही सायकल. इथे माझा पक्षपात आधीच कबूल करतो. माझी स्वतःची पहिली जुनी सायकल यूओ-८ होती. वजन साडेतेरा किलोच्या आसपास, मध्यभागी दोरीने ओढले जाणारे माफाक ब्रेक, आणि पुढे झुकलेला लवचिक चिमटा, जो खडबडीत रस्ता गिळून टाकतो. चालवायला इतकी सुखद सायकल या किमतीत क्वचित मिळते. अडचण चालवण्यात नाही, दुरुस्तीत आहे.

फ्रान्सचं मोजमाप वेगळं. मधल्या बेअरिंगच्या कपाचे इंग्रजी आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४. फ्रेंच आटे ३५ मिलिमीटर व्यासाचे, एका मिलिमीटरला एक. इंग्रजी पद्धतीत उजव्या बाजूचा कप डाव्या आट्यांचा असतो, कारण पॅडल मारताना बेअरिंगचे छर्रे कपाला उलट्या दिशेने हळूहळू फिरवू पाहतात. फ्रेंचांनी दोन्ही बाजूंना उजवेच आटे ठेवले, त्यामुळे तो कप सैल होण्याची खोड जडली. पॅडलचे आटे वेगळे. हँडलचा दांडा २२ मिलिमीटर, बाकी जगाचा २२.२. दोन दशांश मिलिमीटर! तेवढ्यासाठी दांडा कानशीने घासत मी एक अख्खा रविवार घालवला आहे. इंग्रजांनाही फार शहाणं समजायला नको. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने आपल्या स्वस्त सायकलींना इंचाला २६ असे स्वतःचेच आटे ठेवले होते. पुण्यातल्या मिस्त्रीला यातलं काही सांगितलं तर तो हातातला पान्हा खाली ठेवून आपल्याकडे बघत राहील.

शिवाय यूओ-८ चे गिअर बदलणारे भाग सिम्प्लेक्स कंपनीचे, डेल्रिन नावाच्या प्लास्टिकचे. नवे असताना हलके आणि स्वस्त. पन्नास वर्षांनी तेच प्लास्टिक ठिसूळ होतं आणि एखाद्या चढावर टिचकन तुटतं. क्रँक बसवलेले कॉटरने. कॉटर म्हणजे काय ते मराठी वाचकाला सांगायला नको; पॅडल मारताना दर फेरीला 'टक्' असा आवाज आला की कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन हातोडीचा एक ठोका मारून घेणारी आपण माणसं. अमेरिकेत मात्र ती कॉटर बसवता येणारा मिस्त्री शोधावा लागतो.

तिसरी जपानी, निशिकी, कोबेच्या कावामुरा कारखान्यातली. नाव फारसं कोणाला माहीत नसतं आणि तेच बरं, किंमत चढत नाही. जपानी दहा-गिअर सायकलींची खरी गंमत सांगाड्यात नाही, मागच्या गिअर बदलणाऱ्या यंत्रात आहे. १९६४ मध्ये माएदा कंपनीच्या नोबुओ ओझाकी यांनी सनटूरसाठी एक साधी सुधारणा केली. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी चौकट तोवर आडवी सरकत असे. मागची चक्रं मात्र लहानापासून मोठ्याकडे चढत जातात, त्यामुळे मार्गदर्शक चाक कधी चक्राच्या फार जवळ, कधी फार लांब. ओझाकींनी चौकटच तिरकी बसवली. आता ती सरकताना चक्रांच्या उतारालाच समांतर जाते, अंतर जवळजवळ सारखं राहतं आणि साखळी मुकाट्याने जागेवर बसते. फ्रँक बर्टो यांनी 'द डान्सिंग चेन' या गिअरच्या इतिहासात या शोधाला मानाचं स्थान दिलं आहे. गंमत अशी, की सनटूरचा स्वस्त भाग युरोपच्या महागड्या भागांपेक्षा सफाईने गिअर बदलत होता आणि प्रतिष्ठेच्या मोहात अनेकांना ते बरीच वर्षं दिसलं नाही. १९८४ मध्ये पेटंट संपलं, शिमानोने तीच रचना उचलली आणि काही वर्षांत सनटूर मागे पडलं. १९८५ नंतर येन एवढा वधारला, की स्वस्त जपानी सायकल हा प्रकारच संपला. ते काम तैवानकडे गेलं. म्हणून माझ्यासारख्या माणसाची नजर साधारण १९७६ ते १९८५ या दशकावर असते. शिमानोच्या भागांच्या पाठीवर दोन रोमन अक्षरं असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. 'ए' म्हणजे १९७६ किंवा जानेवारी. त्या हिशेबाने 'ईजी' म्हणजे जुलै १९८०. मालक सांगतो त्यापेक्षा ही अक्षरं खरं बोलतात.

आता ब्रेक. भाचीची एकमेव अट तीच होती आणि माझ्या मते हा लेख लिहिण्याचं कारणही तेच. स्वस्त दहा-गिअर सायकलींच्या रिम बहुधा क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या असत. दिसायला आरसा. कोरड्यात ठीक. पावसात त्या आरशावर पाण्याचा थर बसतो आणि रबर नुसतं घसरत राहतं. एकदा भर पावसात चौकातला लाल दिवा ओलांडून मी पलीकडे जाऊन थांबलो होतो, दोन्ही ब्रेक पूर्ण दाबलेले असताना. समोरून ट्रक आला नाही म्हणून हे लिहितो आहे. तेव्हापासून खिशात फ्रिजवरचं एक लोहचुंबक ठेवतो. रिमला लावायचं, चिकटलं तर पोलाद, गळून पडलं तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची रिम ओली असतानाही पुष्कळ बरी थांबते. तेच चुंबक क्रँकला आणि सीटच्या दांड्यालाही लावावं. सांगाड्याला लावण्यात अर्थ नाही, साधं पोलाद असो की क्रोमॉली, ते चिकटणारच.

सांगाडा ओळखायला दुसरी युक्ती आहे. क्रोमॉली साध्या पोलादापेक्षा हलकं नसतं, मजबूत असतं, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन तिथे वाचतं. इंग्रजी आणि जपानी सायकलींत सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर ठरलेला. मग आतला दांडा जितका जाड, तितकी भिंत पातळ. दांड्यावर २७.२ कोरलेलं असेल तर सांगाडा चांगला, २५.४ असेल तर जाड नळीचा. मात्र त्यासाठी दांडा बाहेर निघाला पाहिजे. तो निघतो का हेच आधी पाहावं. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय बसला की दोन धातूंच्या संयोगाने गंज धरतो आणि ते एकजीव होतात. माझी यूओ-८ गेली ती अशीच. विकणाऱ्याने "सीट तुमच्याच मापाची आहे" असं हसत सांगितलं होतं. ती इतर कोणाच्याच मापाची होणार नव्हती, हे मला नंतर कळलं. बोल्ट ढिला करून सीट आणि हँडल दोन्ही फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि हँडलखालच्या नळीवर, सांध्यापाशी, बोट फिरवावं. रंगाखाली सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. ती फुकटही घेऊ नये.

चाकांचं माप सत्तावीस इंची असलं तरी घाबरायचं कारण नाही. आजच्या ७००सी चाकापेक्षा त्याचा व्यास आठ मिलिमीटरने मोठा. टायर अजून मिळतात. ब्रेकच्या रबराला चार मिलिमीटर खाली उतरायला खाच असेल तर ७००सी चाकंही बसतात.

राहता राहिलं माप, जे खरं तर पहिलं पाहायला हवं होतं. भाचीची उंची पाच फूट दोन इंच. त्या काळच्या बहुतेक सायकली तेवीस-पंचवीस इंची सांगाड्याच्या, उंच पुरुषांसाठी. आपल्याकडे बावीस इंची, चोवीस इंची म्हणत तेच हे माप. दांडीवरून पाय टाकून उभं राहिल्यावर दोन बोटं जागा हवी. ती नसेल तर बाकीचे सगळे गुण वाया. व्हर्सिटी आणि यूओ-८ इथेच बाद झाल्या. मी सापडवलेली निशिकी मात्र 'मिक्स्ट' होती, म्हणजे वरच्या दांडीऐवजी दोन बारीक नळ्या तिरक्या खाली मागच्या चाकापर्यंत गेलेल्या. अमेरिकेत तिला बायकांची सायकल म्हणून कमी भाव मिळतो. फ्रेंच पुरुष ती खुशाल चालवतात. चुंबक रिमवरून घसरून पडलं, क्रँकवरूनही. सीटचा दांडा कुरकुरत का होईना, फिरला. ऐंशी डॉलर दिले. केबल, ब्रेकची रबरं, टायर आणि साखळी यांवर आणखी साठ गेले. जुनी रबरं दगडासारखी झाली होती. ती बदलल्याशिवाय रिम कोणतीही असो, उपयोग नाही.

ऑक्टोबरात पहिला मोठा पाऊस झाला. रात्री साडेदहाला फोन. "मामा, थांबली. पण मागचा ब्रेक इतका किंचाळतो, की रस्त्यावरचे सगळे माझ्याकडे बघतात." मी तिला सांगितलं, रबराचं पुढचं टोक रिमला मागच्या टोकाच्या कणभर आधी लागलं पाहिजे. बोल्ट ढिला कर, मागच्या टोकाखाली एक पोस्टकार्ड घाल, ब्रेक दाबून धर आणि तसाच आवळ. मग कार्ड काढून घे. तिच्याकडे पोस्टकार्ड नव्हतं. तिने विद्यापीठाचं ओळखपत्र वापरलं.