वर्ल्ड ऑफ टँक्स

वर्ल्ड ऑफ टँक्स हा विसाव्या शतकातील रणगाड्यांच्या लढायांवर आधारलेला, आंतरजालावर अनेकांनी एकत्र खेळावयाचा संगणकीय खेळ आहे. व्हिक्टर किस्ली यांनी १९९८ साली मिन्स्क येथे स्थापन केलेल्या वॉरगेमिंग या कंपनीने तो निर्माण केला. रशियात तो ऑगस्ट २०१० मध्ये, तर युरोप व उत्तर अमेरिकेत एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइलवर चालणारी 'ब्लिट्झ' ही आवृत्ती २०१४ साली आली. ज्या घरात संगणक नाही पण मोबाइल आहे, तेथे हीच आवृत्ती पोहोचते. रायगड जिल्ह्यातील पेण-रोह्यासारख्या गावांतील विद्यार्थीही त्याला अपवाद नसावेत. खेळात प्रवेश विनामूल्य आहे. हे विनामूल्यत्व नेमके कोठपर्यंत टिकते, हा या खेळाविषयीचा सर्वांत जुना वाद होय.

== स्वरूप ==
मुख्य लढाईत १५ विरुद्ध १५ खेळाडू असतात ('ब्लिट्झ'मध्ये ७ विरुद्ध ७). प्रत्येक जण एक रणगाडा चालवतो. शत्रूचे सर्व रणगाडे नष्ट करणे किंवा त्याचा तळ ताब्यात घेणे हे उद्दिष्ट, आणि त्यासाठी १५ मिनिटांची मुदत. नष्ट झालेला रणगाडा त्या लढाईत परत येत नाही. रणगाड्यांचे हलके, मध्यम, जड, रणगाडाभेदी आणि दूरमाऱ्याच्या स्वयंचलित तोफा असे पाच प्रकार आहेत. त्यांच्या श्रेणी दीर्घकाळ दहा होत्या. अकरावी २०२५ साली जोडण्यात आली.

== बलस्थाने ==
नेमबाजीच्या इतर खेळांत बोटांच्या चपळाईला महत्त्व असते. येथे जागेची निवड, संयम आणि यंत्राचे ज्ञान अधिक उपयोगी पडते. डोंगराच्या आडून केवळ बुरूज बाहेर काढणे, झुडपामागे दबा धरणे, गोळी झाडून मागे सरणे ही सारी कौशल्ये सावकाश अंगवळणी पडतात.

चिलखताचे गणित हा खेळाचा सर्वांत वाचनीय भाग म्हणावा लागेल. सोव्हिएत टी-३४ या रणगाड्याच्या दर्शनी पत्र्याची जाडी ४५ मिलिमीटर होती. परंतु तो उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला असल्यामुळे समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला ९० मिलिमीटर पोलाद भेदावे लागे. ६० अंशांचा कोसाइन अर्धा असतो, हे दहावीच्या त्रिकोणमितीत शिकवले जाते. ते येथे डोळ्यांदेखत पडताळता येते. खेळातील रणगाडा थोडा तिरपा उभा केला तरी चिलखत जाड झाल्याचा लाभ मिळतो आणि फार तिरपा लागलेला गोळा घसरून निघून जातो. फळ्यावर आकृती काढून हे पटवण्यास लागणारा वेळ पाहता, शिक्षकाला या खेळाचा हेवा वाटल्यास नवल नाही.

== त्रासाच्या जागा ==
पहिली तक्रार दैवाची. खेळाच्या मूळ रचनेत गोळ्याची भेदनशक्ती व हानी प्रत्येक वेळी सरासरीच्या २५ टक्के खाली-वर होते. म्हणजे २०० मिलिमीटर भेदणारी तोफ कधी १५० तर कधी २५० भेदते. अचूक नेम धरूनही गोळा आपटून परततो. दुसरी जोडीदारांची. खेळाडूला आपल्याहून दोन श्रेणी वरच्या रणगाड्यांसमोर उभे राहावे लागू शकते, आणि उरलेले चौदा सहकारी कोण असतील हे त्याच्या हाती नसते. दूरमाऱ्याच्या तोफांवरील रोष इतका वाढला की २०१७ साली प्रत्येक संघात त्या तीनपर्यंत मर्यादित कराव्या लागल्या. शिवाय गोळ्याचा हिशेब सर्व्हरवर होत असल्याने संथ जोडणी महागात पडते. श्रावणातल्या पावसात वीज गेली आणि वाय-फाय बंद पडले, तर पेणमधील मुलाचा रणगाडा मैदानात तसाच उभा राहतो व आयता सावज होतो.

परंतु मूळ दुखणे पैशाचे. दुरुस्ती आणि दारूगोळा यांसाठी 'क्रेडिट' हे खेळातील चलन खर्ची पडते. वरच्या श्रेणींत एका लढाईची कमाई खर्चाहून कमी भरू शकते. मग खालच्या श्रेणीत उतरून गंगाजळी जमवावी लागते. खऱ्या पैशाने घेतलेले 'प्रीमियम' खाते ही कमाई ५० टक्क्यांनी वाढवते. अधिक भेदक गोळे आरंभी केवळ विकतच्या 'गोल्ड'ने मिळत. २०१२ पासून ते क्रेडिटनेही मिळू लागले, आणि पैसे देणाऱ्यास लढाईत थेट वरचष्मा मिळू नये असे धोरण कंपनीने २०१३ साली जाहीर केले. पैसे न देता वरपर्यंत पोहोचता येते, हे खरेच. त्यासाठी लागणारे महिने मात्र विद्यार्थ्याच्याच वेळापत्रकातून जातात, आणि तो कंटाळा टाळण्याची सोय विकूनच कंपनीचे उत्पन्न उभे राहते. नाताळाच्या सुमारास विकल्या जाणाऱ्या बंद पेट्यांत काय निघेल हे घेणाऱ्यास आधी कळत नाही. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ साली विविध खेळांतील अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवले. पालकांनी मोबाइलमधील खरेदीला परवलीचा शब्द लावून ठेवणे इष्ट.

== भारत व महाराष्ट्र ==
खेळातील जर्मन मध्यम रणगाड्यांत आठव्या श्रेणीचा 'इंडियन-पांत्सर' आहे. भारतासाठी आखलेला हा जर्मन आराखडा कागदावरच राहिला. भारताने ब्रिटिश व्हिकर्स आराखड्यावरून 'विजयंता' हा रणगाडा आवडी येथे बनवला.

खेळात चित्ररूपाने दिसणारे मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन हे रणगाडे प्रत्यक्ष पाहावयाचे असल्यास अहिल्यानगर येथील रणगाडा संग्रहालय गाठावे. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटनही तेथे आहे. त्याच शहरातील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये 'फामागुस्ता' हा सेंच्युरियन जतन केला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत रणगाड्याने पेट घेतल्यावरही सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी तो सोडण्यास नकार दिला आणि त्यातच त्यांना वीरमरण आले. त्यांचे वय २१ होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.