डोळ्यांसाठी कॅरोटिनॉइड : गोळी कोणाला, पालेभाजी कोणाला

औषधाच्या दुकानात हल्ली डोळ्यांसाठीच्या कॅप्सूल सहज मिळतात. डबीवर ल्युटीन, झियाझँथिन, बीटा-कॅरोटीन, अ‍ॅस्टाझँथिन अशी नावं असतात. ही सगळी कॅरोटिनॉइड, म्हणजे वनस्पती आणि शेवाळात तयार होणारी पिवळी, केशरी, लाल रंगद्रव्यं. आपलं शरीर ती बनवत नाही, अन्नातूनच घेतं. रत्नागिरीकरांना ती अनोळखी नाहीत. हापूसच्या गरात ती आहेत, दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूत आहेत, मिरकरवाड्याहून आणलेली कोळंबी शिजल्यावर जी लाली धरते तीही अ‍ॅस्टाझँथिनचीच. कॅप्सूलमधलं ल्युटीनसुद्धा बहुतेक वेळा झेंडूच्या पाकळ्यांतूनच काढलेलं असतं. द्रव्यं खरी, त्यांचं डोळ्यातलं कामही खरं. त्यांच्या नावाने पसरलेल्या समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : गोळ्यांनी चष्म्याचा नंबर उतरतो, मोतीबिंदू थांबतो.

नंबर ठरतो तो नेत्रगोलाची लांबी, पारपटलाची गोलाई आणि भिंगाची ताकद यांवर. कोणतंही रंगद्रव्य ते बदलत नाही. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंगच गढूळ होतं. ल्युटीन-झियाझँथिनच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची गरज एकंदरीत कमी झालेली दिसली नाही. भारतात अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण आजही मोतीबिंदूच आहे, आणि त्यावर खात्रीचा उपाय शस्त्रक्रिया; ती सरकारी रुग्णालयांत मोफत होते. गोळ्यांच्या भरवशावर ती लांबवण्यात पैशापेक्षा मोठं नुकसान आहे.

गैरसमज : उपयोग सगळ्यांनाच होतो.

खरा पुरावा एकाच आजाराबाबत आहे : उतारवयात होणारी मॅक्युलाची झीज. मॅक्युला म्हणजे नेत्रपटलाचा मध्यभाग. वाचायला आणि चेहरे ओळखायला तोच लागतो. ल्युटीन आणि झियाझँथिन तिथेच साठतात आणि निळा प्रकाश गाळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने 2001मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष मांडले. जीवनसत्त्व क आणि ई, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबं असं मिश्रण घेणाऱ्यांपैकी ज्यांचा आजार मधल्या टप्प्यात होता, किंवा एका डोळ्यात बळावला होता, त्यांच्यात तो पुढे बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाला. 2013च्या दुसऱ्या चाचणीनंतर बीटा-कॅरोटीनच्या जागी 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि 2 मिलिग्रॅम झियाझँथिन आलं. गेलेली नजर या मिश्रणाने परत येत नाही. ज्यांना आजार नाही किंवा अगदी सुरुवातीचा आहे, त्यांना फायदा झाल्याचं दिसलं नाही. मोबाइल पाहून डोळे चुरचुरत असतील, तर मुख्य कारण पापण्यांची उघडझाप कमी होणं हे असतं.

गैरसमज : भाजीतलंच द्रव्य आहे, अपाय कसला?

फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल 1994 साली आला. रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला. आंब्यातल्या किंवा भाजीतल्या बीटा-कॅरोटीनबाबत असा धोका दिसलेला नाही. गोष्ट मोठ्या मात्रेच्या गोळीची आहे. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांनी, आणि पूर्वी ओढून सोडलेल्यांनीही, डबीवरची यादी वाचल्याशिवाय अशी गोळी घेऊ नये.

गैरसमज : जे पिवळं-केशरी, तेच डोळ्यांना चांगलं.

हापूस, पपई, गाजर यांतल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर जीवनसत्त्व अ बनवतं. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. म्हणूनच नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सरकारी कार्यक्रमात त्याचे डोस देतात. पण मॅक्युलाला लागणारं ल्युटीन भरपूर सापडतं ते हिरव्या पाल्यात. तिथे त्याचा पिवळा रंग हरितद्रव्याखाली झाकला जातो. आणि या बाबतीत कोकणाचं स्वयंपाकघर श्रीमंत आहे. पावसाळ्यातला टाकळा, गोकुळाष्टमीची शेवग्याच्या पाल्याची भाजी, ऋषिपंचमीच्या भाजीतला माठ, अळूचं फदफदं. कॅरोटिनॉइड स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषली जातात, त्यामुळे तेलाची फोडणी आणि वरून पेरलेलं ओलं खोबरं हे चवीइतकंच पोषणाच्याही कामाचं. अंड्याच्या बलकातलं ल्युटीन तर फार सहज अंगी लागतं. ज्याच्या ताटात आठवड्यातून तीन-चारदा पालेभाजी येते, त्या निरोगी माणसाने या कॅप्सूलवर खर्च करावा, असं मला अजिबात वाटत नाही.

अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे पूरक आहाराच्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना छापावी लागते. ती वाचा. आणि दाराची चौकट किंवा वहीतल्या ओळी मध्येच वाकड्या दिसू लागल्या, नजरेच्या मध्यभागी डाग आला, तर डबी विकत आणण्याआधी त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांत थेंब घालून नेत्रपटल तपासून घ्या.