गिरणगावचं जेवण कोणी रांधलं?

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढच्या काही दशकांत भायखळ्यापासून परळ-वरळीपर्यंत धुराडी उभी राहिली, गिरणगाव वसलं आणि कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली. त्या गिरण्यांवर, संपांवर, शाहिरांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. पण बायकामुलं गावाला ठेवून आलेल्या या पुरुषांपुढे रोज दोन वेळा भरलेलं ताट कोण ठेवत होतं, यावर मात्र फार थोडं. मला तेच सांगायचं आहे, कारण लालबाग-परळच्या आजच्या खाण्याची घडण तिथूनच झाली. या वस्तीत बाहेरचं जेवण म्हणजे बहुतेक वेळा शेजारच्या खोलीतलंच जेवण होतं.

एका गावच्या माणसांनी मिळून खोली भाड्याने घ्यायची, भिंतीला ट्रंका लावायच्या, वळकट्या खुंटीला टांगायच्या आणि पाळीप्रमाणे झोपायचं, ही गिरणगावची रीत होती. रात्रपाळीचा माणूस आला की सकाळच्या पाळीच्या माणसाची जागा रिकामी झालेली असायची. अशा खोलीत चूल मांडायला ना जागा, ना वेळ, ना रांधता येणारा हात. त्याच मजल्यावर, नाहीतर पलीकडच्या चाळीत, गावाकडचीच एखादी वहिनी किंवा मावशी असायची. नवऱ्याच्या पगारात भागत नाही, किंवा नवरा गेलाय, किंवा गिरणीतून स्वतःचंच काम सुटलंय, अशी. ती पाच-दहा जणांचं जेवण करून द्यायची. कुणी तिच्याकडे येऊन जेवायचं, कुणाचा डबा गिरणीच्या दारापर्यंत जायचा. हीच खानावळवाली.

तिचा दिवस पहाटे पाण्यापासून सुरू व्हायचा. नळ येण्याआधी उठायचं, पिंप भरायचं, मग स्टोव्ह पेटवायचा. सकाळच्या पाळीचे डबे गेले की भांडी, बाजार, निवडणं, आणि पुन्हा संध्याकाळचा स्वयंपाक. खोली केवढी? १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात स्वतःचा संसार, मोरी, मुलांचा अभ्यास आणि वर जेवायला येणाऱ्या माणसांच्या पंगती. जेवायला येणारे गावाप्रमाणे वाटलेले असायचे, त्यामुळे ताटही गावाप्रमाणे वेगळं. रत्नागिरी-मालवणकडच्यांना भात, माशाचं कालवण, तिखलं, वर सोलकढी. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्यांना भाकरी, पिठलं, आमटी, झणझणीत कोरड्यास. एकाच चाळीच्या एका टोकाला ओल्या नारळाचं वाटण आणि दुसऱ्या टोकाला कांदा-लसूण मसाला, असं चित्र गिरणगावात सहज दिसे.

या धंद्यातलं खरं दुखणं पैशाचं होतं. जेवणारे पगार झाला की महिन्याचे पैसे देत. ती मात्र पहिल्या तारखेपासून वाण्याकडून उधारीवर तांदूळ, डाळ, तेल उचलत असे. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, आणि वाण्याने हात आखडला की सावकाराचं व्याज. जेवणारा आजारी पडून गावाला निघून गेला, गिरणीत टाळेबंदी झाली, की बुडालेली रक्कम तिच्या अंगावर. गिरणीकामगाराला युनियन होती, हजेरीपट होता, बोनस होता. त्याला जेवू घालणारीला यातलं काहीच नव्हतं. तिच्या राबण्याला काम म्हणून कुणी मोजलंच नाही, आणि मला वाटतं गिरणगावच्या इतिहासातली ही मोठी चूक आहे.

हे राबणं मोजायला सुरुवात केली प्रेमा पुरव यांनी. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या पुरवबाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांनी या बायकांना सावकाराच्या दारातून उठवून राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं. घर नावावर नाही, दागिना नाही, सही येत नाही, अशा बायकांनी एकमेकींच्या हमीवर लहान कर्जं घेतली आणि फेडली. बचतगट हा शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे पुरवबाईंना पद्मश्री मिळाली. तरीही मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवरच्या लेखांत त्यांचं नाव क्वचित येतं. तिथे बहुतेक जागा वडापाव घेतो.

वडापावाबद्दल माझ्या मनात काही आकस नाही. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. लोकल ते गिरणीचं दार एवढ्या चालण्यात एका हाताने खाता येईल, पोटाला आधार देईल आणि खिशाला जड होणार नाही, असा पदार्थ या वस्तीला हवाच होता. पण वडापाव ही दोन जेवणांमधली सोय होती. जेवण खानावळीचंच.

१८ जानेवारी १९८२ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गावाकडे शेतीचा तुकडा असणारे निघून गेले, आणि खानावळवालीची पंगत रिकामी झाली. जेवणाऱ्यांची थकबाकी राहिली, वाण्याची उधारी राहिली. कुणी घरकाम धरलं, कुणी पापड-लोणची केली, कुणी भाजीची पाटी घेऊन बसलं. ज्यांच्या हातात रांधण्याचं कसब होतं त्यांनी ते सोडलं मात्र नाही. आज लालबाग, परळ, काळाचौकी, करी रोडला गल्लोगल्ली दिसणारी पोळी-भाजी केंद्रं त्याच हातांचा वारसा आहेत. फक्त गिऱ्हाईक बदललं. आता रांगेत बँकेतून सुटलेली बाई असते, एकटे राहणारे आजोबा असतात, दोघंही नोकरी करणारं जोडपं असतं. भात-आमटी घरी कुकरला लावायची आणि पोळ्या खालून आणायच्या, हा इथल्या कित्येक घरांचा रोजचा बेत आहे. यात कुणाला घरच्या स्वयंपाकाचा ऱ्हास दिसतो. मला तो दिसत नाही. चाळीत शेजारणीकडून कालवणाची वाटी यायची, तिथे आज पोळ्यांचं पुडकं येतं आणि करणारीला त्याचे पैसे मिळतात, हे चांगलंच झालं.

घरचं आणि बाहेरचं या वस्तीत किती एकमेकांत गुंतलंय, ते पाहायचं तर मार्च ते मे या काळात लालबागच्या मसाला बाजारात जावं. वर्षाचा मसाला इथे गिऱ्हाइकासमोर होतो. आधी मिरची निवडायची: बेडगी रंगाला, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला, काश्मिरी लाली आणखी खुलवायला. देठं काढलेली, कडक उन्हात वाळवलेली मिरची वेगळी. मग धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, बाद्यान, मसाला वेलची, शहाजिरं, हळकुंड. मोठ्या कढया घेऊन बसलेल्या बायका एकेक जिन्नस तेलावर भाजून देतात. प्रत्येकाची वेळ वेगळी. खसखस क्षणात करपते, हळकुंडाला धीर लागतो, दगडफूल नुसतं गरम तेलाला दाखवायचं. तिथून सगळं डंकावर. लोखंडी मुसळं वरखाली पडत राहतात आणि शेजारून जाणाऱ्याला ठसका लागतो. डंकात मसाला कुटला जातो, चक्कीइतका तापत नाही, म्हणून त्याचा वास टिकतो असं जुन्या बायका सांगतात, आणि जेवताना ते पटतं.

मला इथे आवडतं ते गिऱ्हाइकाच्या हातातलं कागदाचं चिटोरं. सासूने किंवा आईने सांगितलेलं प्रमाण त्यावर असतं: मिरची एवढी, धणे एवढे. कुणाचा मालवणी, कुणाचा आगरी, कुणाचा घाटी. दुकानदार स्वतःचं तयार मिश्रण खपवू शकतो, खपवतोही, पण चिटोरं पुढे आलं की ते निमूट वाचून त्याप्रमाणे तोलून देतो. बाजारात तयार होऊनही हा मसाला त्या त्या घराचाच राहतो. पावसाळ्याआधी तो बरणीत भरायचा, वर हिंगाचा खडा ठेवायचा, की वर्षाची निश्चिंती.

त्याच सुमारास गावाहून माणसं परततात. परळच्या एसटी आगारात मे महिन्याच्या शेवटी उतरणाऱ्या सामानात गावचे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं, आगळ, काजू, फणसाचे गरे हमखास असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. मग सुके बोंबील, जवळा, सोडे, खारा बांगडा कामाला येतात. जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी हे आषाढातलं इथलं जेवण आहे, आणि वर वाफाळती कुळथाची पिठी असली की दुसरं काही लागत नाही.

बाजाराचं या वस्तीला किती अगत्य, याचा एक पुरावा तर सगळ्या जगाला ठाऊक असूनही लक्षात येत नाही. १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला. उघड्यावर बसायची पाळी आलेल्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला. जागा मिळाली आणि १९३४ साली तिथे गणपती बसला. तोच लालबागचा राजा. भाजी आणि मासे विकायला हक्काची जागा मिळावी, एवढंच मागणं त्यामागे होतं.

गिरण्यांच्या जागी आज काय आहे, ते सगळे पाहतात. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला, कमला मिलमध्ये उपाहारगृहं आणि कचेऱ्या आल्या. तिथल्या एका जेवणाच्या बिलात पोळी-भाजी केंद्रावर महिनाभराची भाजी येईल. मात्र परळला आजही गावाहून आलेला, हातात पिशवी घेतलेला, गरम जेवण शोधणारा माणूस दिसतोच. तो केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या दारात दिसतो. केईएम १९२६पासून आहे, टाटा १९४१पासून. उपचार महिनोन् महिने चालतात. रुग्णाला मऊ भात, पेज, बिनतिखट वरण लागतं, आणि सोबत आलेल्याला परवडेल असं काहीतरी. काही सेवाभावी माणसं रस्त्यावर ताटं वाटतात, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांना आसरा देते. १० रुपयांची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. पण रुग्णाच्या पथ्याचा डबा करून देणारी बाई ही या भागाची आजची मोठी गरज आहे, आणि अशा बाया आहेत. त्यांच्याकडे पाटी नाही, फोन नंबर एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

चाळी पाडून टॉवर होत आहेत. बीडीडीतल्या १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, स्वयंपाकघर वेगळं, ओटा, खिडकी. ज्या बायकांनी पिढ्यानपिढ्या मोरीशेजारी बसून रांधलं, त्यांना हे मिळायलाच हवं होतं. अडचण पुढे आहे. चाळीच्या गॅलरीतून डबेवालीचा शोध आपोआप लागायचा, बंद दारांच्या बाराव्या मजल्यावर तो लागत नाही. धंदा म्हणून रांधायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते आणि घरचा १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही, महागडा १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. नव्या इमारतींच्या समित्यांनी तळमजल्यावर एखादी जागा अशा सामायिक स्वयंपाकघरासाठी राखली, तर बराच प्रश्न सुटेल. पुनर्विकासाच्या आराखड्यात व्यायामशाळा असते, मग हे का नसावं?

तोवर आपल्या हातात असलेलं करू या. डब्याचे पैसे पाच तारखेच्या आत द्या. सुट्टी घ्यायची तर आदल्या दिवशी कळवा, कारण डाळ ती रात्रीच भिजत घालते. आणि या दिवाळीला चकली, करंजी, बेसनाचे लाडू तिच्याकडून घेणार असाल, तर मागणी आठवडाभर आधी नोंदवा आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. तूप आणि साखर तिला रोखीने आणावी लागते.