मोटारीचे गिअर : हाताचे की स्वयंचलित?

आमच्या तारनाक्याच्या चौकात लालापेट, हबसीगुडा, सिकंदराबाद आणि उस्मानिया विद्यापीठ यांकडून येणारी वाहने एकत्र येतात. त्या गर्दीत चालकाचा डावा पाय घडोघडी क्लच दाबीत असतो. हे काम यंत्रानेच केले तर बरे, असे आम्हांस वाटते. परंतु मुळात गिअर हवेत कशाला?

इंजिन ठरावीक गतीतच पुरेसे बळ देते. उभी गाडी हलविण्यास व चढ चढण्यास बळ अधिक लागते. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे अनेक फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. वेग कमी होतो, पण बळ वाढते. गिअर बदलताना इंजिन व चाके यांचा संबंध क्षणभर तोडणे हे क्लचचे काम होय.

भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओने स्वस्त गाडीतही स्वयंचलित गिअर आणले. तीत क्लच असतोच; तो यंत्र दाबते, इतकेच. म्हणून चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी रोखल्यास तो तापून झिजतो. तेथे ब्रेकच लावावा.

ज्यांना रोज गर्दीतून जावे लागते, त्यांना स्वयंचलित गाडी सुखाची. ज्यांना किंमत कमी हवी, त्यांना हाताचे गिअर बरे. मात्र घाट उतरताना दोहोंतही खालचाच गिअर ठेवावा, म्हणजे इंजिनच गाडीस आवरते. केवळ ब्रेकवर भिस्त ठेवल्यास ते तापून निकामी होतात. गिअर कोणीही बदलो, हे भान चालकालाच ठेवावे लागते.